वरून ओतलेलं पाणी

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचं ताट पुरुषांच्या रांगेतून फिरत आलं, की माझे वडील, आण्णा, ते दोन्ही हातांनी घ्यायचे आणि तसंच शेजारच्याकडे द्यायचे. भाकरीचा तुकडा उचलायचे नाहीत. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून. मी बायकांच्या बाजूला आईजवळ बसून लहानपणापासून हे बघत आले. ताट देताना ते जरा वाकायचे, लग्नाच्या पंगतीत वाढणारा माणूस वाकतो तसे. पंगत उठायची, गायन व्हायचं, आम्ही घरी यायचो. आण्णा उपाशी आहेत असं मला का कोण जाणे वाटत राहायचं, घरी आल्यावर त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या तरी.

आमचं गाव राहुरी तालुक्यातलं, पण पाटाच्या शेपटाकडचं. म्हणजे धरणातून पाणी सुटलं की वरच्या गावांचे ऊस भिजून, डाळिंबं भिजून, उरलं तर आमच्याकडे. घरातली पहिली पदवीधर मी. हे मी कुठंही सांगते, इथंही सांगते. देवळाली प्रवऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या आधी आमच्या घरात कुणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं, आणि मला आत पाठवणारा माणूस दुसऱ्याच्या उसात दारं धरून पोट भरत होता.

ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीचं किंवा पाटाचं पाणी चारीतून येतं. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि दुसऱ्याचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. आण्णांचं सगळं आयुष्य यात गेलं. घोट्याइतक्या पाण्यात, कधी पोटरीइतक्या, पाण्याला इकडून तिकडं नेत. त्यांच्या पायांची बोटं बाराही महिने पांढरी पडलेली असायची. आणि असा हा माणूस कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेला नव्हता. पाण्याला भ्यायचा.

आण्णा जन्मानं ख्रिस्ती नाहीत. आईचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. लग्न झालं तेव्हा आण्णा आईला दर रविवारी चर्चपर्यंत सोडायला यायचे आणि बाहेर लिंबाखाली बसायचे. मग कधीतरी दारात बसायला लागले. मग आत, शेवटच्या सतरंजीवर. लिंबापासून सतरंजीपर्यंत यायला त्यांना माझं बालपण पुरलं. कुणी बोलावलं म्हणून आले नाहीत, कसला चमत्कार झाला म्हणूनही नाही. ते ऐकत होते. सालगड्याला ऐकायची सवय असते, पण हे ऐकणं निराळं होतं. इथं ऐकून झाल्यावर ते आईला घरी प्रश्न विचारायचे, आणि आई म्हणायची, "आवं मला काय इचारता, मी तर जल्मापासनं ख्रिस्ती हाय, मला कुनी सांगितलंच न्हाई."

मग बाप्तिस्मा का घेत नव्हते? ज्याला त्याला वेगळंच कारण माहीत होतं. कुणी म्हणे भावकीला भितो. कुणी म्हणे कागदावरची जात जाईल म्हणून थांबलाय. कुणी म्हणे जेजुरीला नवस बोललेला हाय. आण्णा कुणालाच उत्तर देत नव्हते. मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं, मी राहुरीला राहायला गेले, तरी ताट तसंच पुढं जात होतं.

एका रविवारी उपासना संपल्यावर ते चर्चच्या पाळकसाहेबांपुढं जाऊन उभे राहिले. टोपी हातात. मी तेव्हा माहेरी आलेली होते.

"साहेब, मला बाप्तिस्मा पायजे."

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. मग त्यांनी आण्णांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "पुढच्याच रविवारी करू. इथंच, वेदीपुढं."

"हितं न्हाई. पान्यात. पुरता बुडवून."

आमच्या मंडळीत दोन्ही चालतं. तान्ह्या लेकराच्या डोक्यावर वाटीतलं पाणी घालतात, मोठ्या माणसालाही घालतात. हल्ली तरुण पोरं पाटात उतरून बाप्तिस्मा घेतात. आण्णांच्या वयाचा माणूस पाटात उतरायचं म्हणेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आईला तर मुळीच नाही. "माझं डोस्कं वाटीभर पान्यात देवाच्या घरी गेलं," ती परतताना वाटभर बडबडत होती, "आन ह्यांला अख्खा पाट पायजे."

ईस्टरच्या अलीकडं पाटाला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं. पुलाच्या खालच्या अंगाला जिथं उतार आहे तिथं सगळी मंडळी जमली. आधी दोन तरुण जोडपी उतरली आणि हसत हसत बाहेर आली. मग आण्णा. मांडीपर्यंत गेले. पाण्याला ओढ होती. पाळकसाहेबांनी एक हात पाठीवर, एक छातीवर ठेवला आणि म्हणाले, "श्वास धरा आण्णा, मागं रेला."

आण्णा मागं रेलले, पाणी कानाला लागलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी पाळकसाहेबांची कॉलर धरली. खाली शेवाळ. पाळकसाहेबांचा पाय सरकला. पुढच्या क्षणी आण्णा उभे होते, तोंड कोरडंच, आणि पाळकसाहेब दिसत नव्हते.

त्या जोडप्यांतल्या दोघा तरुणांनी पाळकसाहेबांना बाहेर ओढलं. काही लागलं नाही, चष्मा मात्र वाहून गेला. पुलावर गावातली पोरं बसलेली होती, मोबाईल वर करून. "आरं, पाळकाचाच बाप्तिस्मा झाला की!" एकानं ओरडून सांगितलं आणि पूल हसला. आण्णा पाण्याबाहेर आले, पायात चप्पल घातली आणि कुणाकडं न बघता घराकडं चालायला लागले. ओल्या लेंग्याचा फटक-फटक आवाज येत होता. मी मागून चालत होते. त्यांच्या पाठीला हात लावावा असं वाटत होतं, पण लावला असता तर ते मोडले असते, म्हणून नाही लावला.

तो व्हिडिओ गावभर फिरला. चहाच्या टपरीवर आण्णा गेले की कुणीतरी म्हणायचं, "या या, चष्मा सापडला का?" एक जण रोज विचारायचा, "मंग, काय दिलं त्यांनी? बुडाला आसता तर जास्ती दिलं आसतं काय?"

हा 'काय मिळालं' प्रश्न मी कॉलेजपासून ऐकत आलेय. होस्टेलवर मुली विचारायच्या, तुमच्या लोकांना काय मिळालं गं? मी सांगायचे, माझ्या आईच्या आजीला अक्षर मिळालं, तुझ्या आजीला सही येत होती का? मी तोंडाची फटकळ आहे. आण्णा नाहीत. ते चहा पिऊन, कप स्वतः विसळून ठेवून, कामावर जायचे. मालक, ज्यांच्या शेतात ते साल धरून होते, ते वयानं आण्णांच्या लेकासारखे. तेही सोडत नव्हते. "आरं तू माझा ऊस बुडवतोस, सोताला बुडवायचं जमंना व्हय?" आण्णा हसायचे. मी असते तर हसले नसते.

पाळकसाहेब घरी आले ते पुढच्या आठवड्यात. नवा चष्मा अजून यायचा होता. दारातून आत येऊन त्यांनी माझ्याकडं बघून "काय आण्णा, बरंय ना" म्हटलं, आणि आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

बसल्यावर म्हणाले, "आण्णा, हट्ट कशाला? वाटीभर पाणी डोक्यावर घालतो. देवाकडं पाण्याचं माप नाही."

"न्हाई साहेब."

"भीती वाटते ना?"

"वाटती की. लई वाटती."

"मग? बरं, प्रभूच्या शेजारच्या क्रूसावरचा तो चोर आठवा. त्याला कुणी पाण्यात घातलं होतं? तरी शेवटच्या घटकेला विश्वास ठेवून गेला ना प्रभूबरोबर स्वर्गात?"

आण्णांनी जरा विचार केला. "त्याला येळ नव्हता साहेब. हात-पाय खिळल्याले. माझं मोकळं हायेत."

पाळकसाहेब हसले. मग आण्णांनी विचारलं, की पाण्यात घालायचं ते नक्की कशासाठी? इतकी वर्षं ऐकलं, पर नीट सांगा.

पाळकसाहेब म्हणाले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण त्यांनी उपदेशाचा आवाज काढला नाही. पाण्यात जादू नाही, म्हणाले. पाटाचं पाणी पाटाचंच राहतं. पाप काही मळ नाही की पाण्यानं निघेल, ते प्रभूनं आधीच उचललंय. पण पाण्याखाली जाणं म्हणजे पुरलं जाणं. जुना माणूस तिथं खाली राहतो. आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. हे तुम्ही बोलून सांगत नाही, अंगानं सांगता, चारचौघांत. एकदाच. पुन्हा पुन्हा नाही.

"पुरायचं म्हंजे माती सगळीकडनं पायजे," आण्णा म्हणाले. "मूठभर टाकून मानूस पुरला जात न्हाई."

"तसं नाही आण्णा, वाटीतल्या पाण्याचाही अर्थ तोच—"

"आसंल. हिचा झाला, माझ्या लेकीचा झाला, त्यो खराच हाय. मी माझं सांगतो."

पाळकसाहेब गेले. मी आण्णांना म्हटलं, आपण शिकू या. पाण्यात तोंड घालायला शिकता येतं. मलाही येत नाही, दोघं शिकू.

मी विज्ञानाची बाई, पण पोहणं माझ्या सात पिढ्यांत कुणाला आलेलं नव्हतं. मोबाईलवर बघितलं. एक बाई चिमुरड्या लेकरांना पाण्यात सोडत होती आणि ती बेडकासारखी तरंगत होती. आण्णा बघून म्हणाले, "ह्यांला कळत न्हाई म्हून भीत न्हाईत." मी अंगणात घमेलं ठेवलं, त्यात पाणी ओतलं. आधी मी तोंड घातलं. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, डोळे लाल. आण्णा चांगलेच हसले. पाटाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा मनापासून हसले. मग त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, गुडघे टेकले आणि तोंड घातलं. लगेच वर काढलं.

"नाकातून हवा सोडत राहायची," मी सांगितलं. "बुडबुडे आले पाहिजेत. हवा बाहेर जात असली की पाणी आत येत नाही."

"आसं?"

"आसंच."

मी सुट्टीच्या दिवशी यायचे तेव्हा आमचा हा उद्योग चालायचा. घमेल्यावरून बादलीवर आलो. बादलीवरून निळ्या पिंपावर जायचं म्हटलं तर आई आडवी आली. "पेयच्या पान्यात थोबाडं घालू नगा! नळ काय रोज येतोय व्हय?" शेवटी धुण्याचं पाणी साठवायला जुनं पिंप होतं, ते तिनं दिलं, आणि अट घातली की आमचं झाल्यावर त्यात ती गोधड्या भिजवणार. पिंपात आण्णा कमरेतून वाकून डोकं घालायचे, मागं फक्त लेंगा दिसायचा. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय हारपलं काय वो पिंपात?" आई सांगायची, "म्हातारा हारपलाय, नवा काढायलोय."

ती हे थट्टेत म्हणाली. पण मला वाटतं, बाप्तिस्म्याचा अर्थ इतका थोडक्यात कुणी सांगितलेला मी ऐकला नाही.

अशाच एका सकाळी, केस निथळत असताना, पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

ते लहान असताना वस्तीवरच्या लोकांना विहिरीवर चढायची मुभा नव्हती. गावची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारायची, पोहायला शिकायची. वस्तीची पोरं लांबून आवाज ऐकायची. धपकन आवाज झाला की आज कुणी उडी मारली ते सांगायची पैज लावायची. आणि आण्णांची आई हंडा घेऊन विहिरीखालच्या दगडाशी उभी राहायची. गावचं कुणी पाण्याला आलं आणि त्याच्या मनात आलं, तर तो वरून ओतायचा. हंड्यात निम्मं, अंगावर निम्मं. आण्णा आईच्या लुगड्याला धरून उभे असायचे, आणि ते पाणी त्यांच्या डोक्यावर पडायचं.

"वरनं वतल्यालं पानी म्या लई घेतलंय," ते म्हणाले. "देवाच्या दारात तरी वरनं नगं. मला पान्यात उतरायचंय. त्येच्या पान्यात, माझ्या पायानं."

आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. ती म्हणाली, "माझ्या डोस्क्यावर वतलं न्हवतं काय त्यांनी. आधी हात ठिवला हुता पाळकानं. हात ठिवून मंग पानी. माझी आई सांगायची."

"मंग ते येगळं," आण्णा म्हणाले. "हात ठिवला आसंल तर ते येगळंच."

त्या दोघांमधला हा वाद तिथं मिटला, आणि आईनं वाटीभर पाण्याचा टोमणा पुन्हा कधी मारला नाही. ज्या वादावर लोक मंडळ्या फोडतात, तो आमच्या पायरीवर असा मिटला. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

आण्णा पिंपात बराच वेळ राहायला लागले तोवर पाटाचं आवर्तन बंद झालं. कोरड्या पाटात पोरं क्रिकेट खेळायला लागली. पुढचं पाणी कधी, कुणाला ठाऊक नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, धरणावर जाऊ, गाडी करू. आण्णांनी मान हलवली. ते गावात हवं होतं त्यांना. जिथं पळाले तिथंच.

आणि मग मालकांनी शेतात उभ्या उभ्या सांगितलं, "आरं, आपला हौद हाय की. मोटार लावून भरतो. छातीइतका भरंल. पर एक सांगतो, पानी वाया न्हाई जायचं. तुझं झालं की तळाचा बोळा काढायचा, घासाला सोडायचं."

घास म्हणजे जनावरांचा हिरवा चारा. मालकाला आमच्या धर्माशी देणंघेणं नव्हतं, गाईंशी होतं. आण्णा घरी येऊन हे आनंदानं सांगायला लागले आणि माझं डोकं फिरलं.

"त्यांच्या हौदात? कुठल्या विहिरीवरचा हौद आहे तो, आण्णा?"

"त्याच."

म्हणजे तीच विहीर. मालकांच्या आजोबांची. जिच्या दगडाशी माझी आजी हंडा घेऊन उभी राहायची.

"मग तिथं नाही," मी म्हटलं. "मी गाडी करते. धरणावर जाऊ. नदीवर जाऊ. त्यांच्या उपकाराच्या पाण्यात माझा बाप डोकं वाकवणार नाही."

आण्णा माझ्यावर चिडत नाहीत. तेव्हाही चिडले नाहीत. "बाई," ते म्हणाले, ते मला नोकरी लागल्यापासून बाई म्हणतात, शाळेतली पोरं म्हणतात तसं, "त्यो हौद कुनी बांधला?"

मला माहीत होतं. 

"वीट म्या वाहिली. माल म्या कालवला. गवंडी गावाला गेला तवा पलीकडची भिंत म्या एकट्यानं लिंपली. त्येच्या पान्यानं त्येचा ऊस कुनी भिजवला? उपकार कुनाचा कुनावर?" मग म्हणाले, "आन पानी तेच पायजे मला. दुसरं कुटलं न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी राहुरीला जाऊन त्यांना पांढरा सदरा-लेंगा आणला.

रविवारी सकाळी, लाईट आली तशी मोटार सुरू झाली आणि हौद भरायला लागला. मंडळी बांधावर सतरंज्या टाकून बसली. पुलावरची पोरंही आली, मोबाईल घेऊन. टपरीवरचा तो 'काय मिळालं' विचारणाराही आला, गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. मालक जनावरांकडं जातोय असं दाखवत घुटमळत होते. मला वाटलं, यांना घालवून द्यावं. पाळकसाहेब म्हणाले, असू द्या, चारचौघांत म्हणजे हेच चारचौघं.

आण्णांनी टोपी काढून आईच्या हातात दिली. आईनं तिची घडी घातली, उलगडली, परत घातली. हौदाच्या भिंतीवर चढायला आतून-बाहेरून दोन-दोन दगड बाहेर काढलेले आहेत. ते आण्णांनीच ठेवलेले, बोळा काढायला उतरता यावं म्हणून. त्यांवर पाय देत ते आत उतरले. कुणाचा हात घेतला नाही. पाणी छातीला लागलं तसा त्यांचा चेहरा पाटावर झाला होता तसाच झाला. ओठ पांढरे. हे मी बघितलं, आईनं बघितलं.

"आण्णा, बुडबुडे!" मी ओरडले. भर मंडळीत.

दोन-चार जण हसले. आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

पाळकसाहेबांनी या वेळी चष्मा काढून बांधावर ठेवलेला होता. त्यांनी विचारलं, प्रभू येशूवर विश्वास ठेवता? आण्णांनी आवाज चढवून हो म्हटलं, वाफ्याच्या त्या टोकाला हाक मारावी तसं. मग त्यांनी स्वतःचे हात छातीवर घेतले, एकमेकांत घट्ट धरले, कॉलर धरायला मोकळे राहू नयेत म्हणून. पाळकसाहेब म्हणाले, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुमचा बाप्तिस्मा करतो," आणि आण्णा मागं गेले.

पाणी मिटलं. सदरा वर फुगला. आणि त्याच्या बाजूनं बुडबुडे यायला लागले, एकामागून एक, सावकाश, घाई नसलेले. मी आयुष्यात बऱ्याच निकालांच्या दिवशी देवाचे आभार मानलेत. त्या बुडबुड्यांइतका कुठला निकाल मला आनंदाचा गेला नाही.

ते वर आले. डोळे उघडे होते. पाणी केसांवरून, मिशांवरून गळत होतं. पहिलं वाक्य म्हणाले, "साहेब, आजून एकदा घालता का?"

सगळा बांध हसला. पाळकसाहेबही. "एकदाच असतो आण्णा. आता आयुष्यभर पुरवायचा."

गोठ्याच्या खांबाला टेकलेला तो माणूस सरळ उभा राहिला. पोरांनी मोबाईल खाली घेतले. मालक तिकडून म्हणाले, "झालं का रं? मंग काढ बोळा, लाईट जायची, ह्यो रिकामा झाला की परत भरायचाय." तो 'रं' तसाच होता, हेही मी लिहून ठेवते. सगळंच एका सकाळी बदलत नाही.

मी टॉवेल घेऊन पुढं झाले. आण्णांनी हातानं नको म्हटलं. "पुसू नगं. ऱ्हाऊ दे." मग त्यांनी वाकून, या वेळी तर सरळ डोकं पाण्यात घालून, तळातला चिंध्यांचा बोळा ओढला. भसकन पाणी चारीत पडलं. ते दगडांवरून बाहेर आले, भिंतीला टेकवलेलं फावडं सवयीनं उचललं आणि पाण्याच्या मागोमाग घासाकडं निघाले. पांढरा सदरा अंगाला चिकटलेला, डोकं उघडं.

पाळकसाहेबांनी हाक मारली, "आण्णा, उपासना? प्रभुभोजन मांडलंय."

"एवढं भरू द्या," ते न वळता म्हणाले. "येतोच."

मग मंडळी थांबली. ताट सतरंजीवर, पांढऱ्या फडक्याखाली. कुणीतरी गायन सुरू केलं, कुणी लेकराला पाजलं. आई टोपी मांडीवर घेऊन बसली होती. समोर माझे आण्णा दारं धरत होते, हौदातलं ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत, तोंड बांधत, तोंड उघडत. इतकी वर्षं ताट त्यांच्या हातातून पुढं गेलं होतं. आज ताट आणि सगळी माणसं त्यांच्यासाठी खोळंबली होती, आणि त्यांना मुळीच घाई नव्हती. शेवटचा वाफा भरला, त्यांनी त्याचं तोंड मातीनं बंद केलं, फावडं चारीत धुतलं, आणि ओल्या पायांनी बांधावर चढून पुरुषांच्या रांगेत येऊन बसले. या वेळी पहिल्या सतरंजीवर.